चिमूट का जमत नाही? हाताच्या हालचाली टिपून रोबोटिक पंजा चालवणे

चिमटा (धागाकर्ता)

पाच बोटांचा थ्रीडी प्रिंट केलेला पंजा आहे. बोटं दोरीने मिटतात आणि रबराने उघडतात. सहा सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या छोट्या मोटरी) आहेत: पाच बोटं वाकवायला पाच, अंगठा तळहातासमोर आणायला सहावा. समोर साधा वेबकॅम. मीडियापाइप या हात ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडून हाताचे २१ बिंदू घेऊन प्रत्येक बोटाचा कोन काढतो, तो ० ते १ मध्ये बसवतो आणि त्यावरून सर्व्होला पल्स (कोन सांगणारा विजेचा ठोका) देतो.

मूठ मिटणं-उघडणं उत्तम. अडचणी तीन:

१. चिमूट जमत नाही. माझी तर्जनी अंगठ्याला टेकते, पंज्याची टेकत नाही. कधी अंतर राहतं, कधी बोटं एकमेकांना ओलांडून जातात.
२. हात स्थिर धरला तरी पंजा थरथरतो.
३. हात कडेने कॅमेऱ्यासमोर आला की बोटं मनाला येईल तशी हलतात.

कॅमेरा सोडून फ्लेक्स सेन्सरचा (वाकवल्यावर रोध बदलणाऱ्या पट्ट्यांचा) हातमोजा करावा, की याच पद्धतीत काही राहिलं आहे?

---

कोनमापक

आधी सांगा, कोन कुठल्या बिंदूंवरून काढताय? मीडियापाइप दोन संच देतं. पहिल्या संचात क्ष चित्राच्या रुंदीने भागलेला असतो आणि य उंचीने. ६४० बाय ४८० च्या चित्रात या दोघांचं माप वेगवेगळं झालं, त्यामुळे त्यावरून थेट काढलेला कोन चुकणारच. आणि हात फिरवला की चूकही बदलणार. एक तर क्ष व झेडला रुंदीने आणि यला उंचीने परत गुणा, नाहीतर सरळ दुसरा संच, म्हणजे 'वर्ल्ड लँडमार्क' घ्या. ते मीटरमध्ये असतात.

दुसरी गोष्ट बोटाच्या मुळाच्या सांध्याची. तर्जनीसाठी ०→५ (मनगट ते तर्जनीचं मूळ) आणि ५→६ (मूळ ते मधला सांधा) या सदिशांमधला कोन डॉट प्रॉडक्टने काढला तर बोट वाकवणं आणि बोट बाजूला फाकवणं यांत फरकच उरत नाही, दोन्ही एकाच आकड्यात मिसळतात. पंजा पसरला की तुमचा रोबोट बोटं थोडी वाकवत असेल, बघा. उपाय: ०→५ आणि ०→१७ (मनगट ते करंगळीचं मूळ) यांचा क्रॉस प्रॉडक्ट घेऊन तळहाताची लंबरेषा काढा. ५→६ चा या लंबरेषेच्या दिशेचा भाग म्हणजे वाकणं, तळहाताच्या आडव्या दिशेचा भाग म्हणजे फाकणं. मधल्या आणि टोकाच्या सांध्याला ही भानगड नाही, ते बिजागरीसारखे एकाच दिशेने हलतात.

---

पाचवं_बोट

मूठ जमते, चिमूट जमत नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिथेच थांबा.

---

विद्युतवेडा

थरथर सॉफ्टवेअरमधून येते हे गृहीत धरू नका. कॅमेरा बंद करा आणि सहाही सर्व्होंना एकच ठरावीक पल्स देत राहा, समजा १५०० मायक्रोसेकंद. तरी थरथरले तर दोष विजेचा किंवा सर्व्होचा. शांत राहिले तर तुमच्या आकड्यांचा. दोन मिनिटांत निकाल लागतो.

वीज म्हणाल तर एमजी९९६आर जातीचा सर्व्हो ६ व्होल्टवर अडकला की साधारण अडीच अँपिअर खेचतो. सहा एकदम अडकले तर १५. हे आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून कधीच द्यायचं नाही. सर्व्होंना स्वतंत्र पुरवठा, दोन्हींचा ग्राउंड एकत्र, आणि सर्व्होच्या रेलवर किमान १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ग्राउंड जोडायचा राहिला तर सिग्नलला संदर्भच उरत नाही, मग सर्व्हो अंगात आल्यासारखे वागतात.

पीसीए९६८५ (अनेक सर्व्होंना पल्स देणारा चिप) वापरत असाल तर आणखी एक. त्याच्या आतला ऑसिलेटर नावाला २५ मेगाहर्ट्झचा, प्रत्यक्षात काही टक्के इकडेतिकडे. तुम्ही १५०० मागता आणि तो १६०० देतो. ऑसिलोस्कोपवर पल्स मोजून खरी वारंवारता लायब्ररीत भरा, म्हणजे बोर्ड बदलला तरी कॅलिब्रेशन टिकेल. शिवाय हा चिप २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मायक्रोसेकंदांची. त्याहून बारीक बदल पाठवण्यात अर्थ नाही.

---

गणिती_काकू

कोनमापक यांनी सांगितलेलं सगळं करा, पण तेवढ्याने चिमूट जमणार नाही. कारण वेगळं आहे.

तुमचे कोन अगदी अचूक मोजले आणि पंज्याने ते अचूक पाळले, तरी पंज्याची पेरं तुमच्या पेरांएवढी लांब नाहीत. अंगठ्याचं मूळ तुमच्यासारख्या जागी नाही. त्याचा पहिला सांधा माणसात खोगिराच्या आकाराचा असतो आणि दोन दिशांनी हलतो, तुमच्याकडे तिथे एकच सर्व्हो आहे. तेव्हा तेच कोन दिले की बोटांची टोकं भलतीकडे जातात. मुठीत हे खपून जातं, कारण बोटं कुठेतरी टेकतात आणि थांबतात. चिमटीत पाच मिलिमीटरही खपत नाहीत.

म्हणून मोठ्या प्रकल्पांत कोनांची नक्कल करत नाहीत, टोकांमधल्या अंतरांची करतात. एन्व्हिडियाच्या २०१९ च्या डेक्सपायलटमध्ये चार बोटांचा, १६ मोटरींचा अ‍ॅलेग्रो हात केवळ कॅमेऱ्यांवरून चालवला होता. तिथे बोटांच्या टोकांना एकमेकांशी आणि तळहाताशी जोडणारे सदिश घेतात, माणसाचे आणि रोबोटचे सदिश जास्तीत जास्त जुळतील असे कोन ऑप्टिमायझेशनने शोधतात, आणि माणसाची टोकं ठरावीक अंतराच्या आत आली की रोबोटची टोकं जवळजवळ टेकवूनच टाकतात. शेवटच्या या जबरदस्तीमुळेच बारीक वस्तू उचलता येते.

सहा मोटरींना एवढ्या गणिताची गरज नाही. असं करा:

अंगठ्याचं टोक (बिंदू ४) ते तर्जनीचं टोक (बिंदू ८) हे अंतर काढा आणि मनगट ते मधल्या बोटाचं मूळ (० ते ९) या लांबीने भागा. याला ड म्हणू. भागल्यामुळे हाताचा आकार आणि कॅमेऱ्यापासूनचं अंतर दोन्ही निघून जातं.

मग पंजा हाताने जुळवून चार स्थिती नोंदवून ठेवा: टोकांत ०, २०, ४० आणि ६० मिलिमीटर अंतर असताना तर्जनी, अंगठा आणि अंगठ्याची फिरकी यांचे पल्स किती. मधल्या अंतरांसाठी या चारांत सरळ रेषेने अंदाज घ्या. ड ०.६ च्या वर असेल तर पूर्वीसारखे कोन वापरा, ०.३५ च्या खाली असेल तर फक्त हा तक्ता, आणि मध्ये दोघांचं वजन हळूहळू बदलत न्या. एकदम बदललं तर सीमेवर पंजा झटके देईल.

एक खबरदारी घ्या. तुमची चिमूट पूर्ण मिटली तरी ड शून्य होत नाही, कारण बिंदू बोटाच्या कातडीवर नसतात आणि मॉडेलचीही चूक असते. सुरुवातीला वापरणाऱ्याला चिमूट मिटायला सांगून जो ड येईल तो 'शून्य' समजा.

---

हातमोजेवाला

काकूंचं गणित बरोबर, पण मुळात मोजमाप वाईट असेल तर गणित काय करणार? बोट बोटामागे लपलं की कॅमेरा अंदाज बांधतो. आणि पकड म्हणजेच बोटं बोटांमागे लपणं! हातमोजा कधी आंधळा होत नाही.

साडेचार इंची फ्लेक्स सेन्सर सरळ असताना साधारण १० किलोओहम दाखवतो, पण त्यात ३० टक्के इकडेतिकडे चालतं. त्यामुळे प्रत्येक सेन्सरचं किमान-कमाल वेगळं नोंदवायचं. व्होल्टेज डिव्हायडरचा रोधक निवडताना दोन टोकांच्या रोधांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. १० आणि २० किलोओहम असतील तर १४ येतं, १५ चा लावा. तिथे व्होल्टेजचा फरक सर्वांत जास्त मिळतो.

शिवताना बहुतेक जण दोन्ही टोकं पक्की करतात, मग सेन्सर फुगतो किंवा तुटतो. बोट वाकलं की हाताच्या पाठीची कातडी ताणून लांब होते, सेन्सर मात्र लांब होत नाही. मनगटाकडचं टोक पक्कं करा आणि बोटाकडचं टोक कापडी खोळीत सरकतं ठेवा. पिनांजवळचा भाग वाकता कामा नये, पहिल्यांदा तोच मरतो. त्यावर हीटश्रिंक आणि खाली प्लॅस्टिकची कडक पट्टी द्या.

---

कोनमापक

@हातमोजेवाला, आंधळा होत नाही, पण विसरभोळा होतो. फ्लेक्स सेन्सर वाकवून सरळ केला की मूळ आकड्यावर लगेच परत येत नाही, आणि वाकवून धरून ठेवला की आकडा सरकत राहतो. मुठीला चालेल, चिमटीला नाही. शिवाय अंगठा तळहातासमोर किती आला हे एका पट्टीला कळतच नाही, आणि चिमटीचा अर्धा जीव तिथेच आहे.

हातावर काही घालायचंच असेल तर सांध्यांशेजारी लिंक लावून चुंबकी एन्कोडर (चुंबक किती फिरला तो कोन मोजणारे चिप) बसवा. एएस५६०० या एन्कोडरचे १२ बिट, म्हणजे एका फेऱ्याला ४०९६ पायऱ्या, पायरी ०.०९ अंशांहून कमी. घासणारा भाग नाही. दोन अटी: चुंबक व्यासाच्या दिशेने चुंबकित असला पाहिजे (साधा गोल चुंबक चालत नाही, उत्तर-दक्षिण वरखाली असतात त्यात), आणि सगळ्यांचा पत्ता एकच, हेक्स ३६, असल्यामुळे टीसीए९५४८ए सारखा आठ वाटांचा मल्टिप्लेक्सर (एकेकाशी आळीपाळीने जोडणारा चिप) लागतो.

---

हातमोजेवाला

हे मान्य. अंगठ्याला दोन एन्कोडर आणि बाकी बोटांना फ्लेक्स असा संकर चालतो. पण तुमचा लिंकवाला हातमोजा घालून चहाचा कप उचलून दाखवा.

---

पाचवं_बोट

चहा रोबोटने उचलायचा असतो हो, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

---

दोरीबहाद्दर

सगळे मोजण्यावर बोलताहेत, दोरीकडे कुणी बघत नाही. तुमचा सर्व्हो ठरलेल्या कोनावर गेला म्हणजे बोट ठरलेल्या जागी गेलं असं नसतं.

दोरी कुठली? नायलॉनची एकेरी मासेमारीची दोरी असेल तर काढून टाका, ती ताणते आणि ताणलेलीच राहते. विणलेली पॉलिएथिलीनची घ्या. ती निसरडी असते, साधी गाठ सुटते. पालोमार गाठ मारा किंवा धातूची क्रिम्प दाबा. गाठीवर झटपट गोंद ओतू नका, दोरी तिथे कडक होते आणि गोंदाच्या काठावर तुटते.

मग घर्षण. दोरी वळणांवरून जाते तेव्हा ताण ई च्या म्यू-थीटा घाताने (म्यू म्हणजे घर्षणांक, थीटा म्हणजे वळणांचा एकूण कोन) वाढवावा लागतो. सगळी वळणं मिळून १८० अंश धरा. टेफ्लॉनच्या नळीत म्यू ०.१ धरला तर ताण १.३७ पट. छापील प्लॅस्टिकच्या भोकांतून, म्यू ०.३ धरून, २.५७ पट! म्हणजे अर्ध्याहून अधिक ओढ भोकांनाच गेली. शिवाय घर्षण दोन्ही दिशांनी लागतं, म्हणून मिटताना आणि उघडताना एकाच पल्सला बोट दोन वेगळ्या जागी उभं राहतं. काकूंचा तक्ता भरताना प्रत्येक स्थितीकडे मिटत्या दिशेनेच जा.

आता खरी मेख. एका दोरीवर तीन सांधे. कुठला आधी वाकणार? ज्याला सर्वांत कमी विरोध तो. बहुतेक छापील पंज्यांत टोकाचं पेर आधी आत वळतं, नख अंगठ्याला लागतं आणि चिमूट फसते. मुळाच्या सांध्याला मऊ रबर, टोकाच्या सांध्याला कडक रबर लावा, किंवा मुळाशी दोरी सांध्याच्या अक्षापासून जास्त लांबून न्या. चिमटीत टोकाचं पेर जवळजवळ सरळ राहायला हवं.

सर्व्होच्या चाकाचं मापही तपासा. दोरी किती ओढायची ते अक्षापासूनचं अंतर गुणिले रेडियनमधला कोन असं निघतं. मुळाशी ८ मिमी आणि ९० अंश, मध्ये ७ मिमी आणि १०० अंश, टोकाला ५ मिमी आणि ७० अंश: एकूण सुमारे ३१ मिमी. सर्व्हो १८० अंश फिरणार असेल तर चाकाची त्रिज्या १० मिमी. मोठं चाक लावलं तर सर्व्होच्या छोट्याशा हालचालीत बोट पूर्ण मिटतं आणि सगळी अचूकता वाया जाते.

---

सांधेजोड

दोरीबहाद्दरांच्या हिशेबात ताकदीचाही विचार करा. एमजी९९६आर ६ व्होल्टला ११ किलो-सेंटिमीटर असं लिहिलेलं असतं, ते अडकलेल्या अवस्थेतलं. सतत वापराला त्याचा एक तृतीयांश धरा. १ सेंटिमीटरच्या चाकावर दोरीत साडेतीन किलो ओढ. मुळाच्या सांध्यापाशी दोरी अक्षापासून ८ मिमीवर आणि बोटाचं टोक ८० मिमीवर, म्हणजे टोकावर दहावा हिस्सा, ३५० ग्रॅम. त्यातून घर्षण आणि रबराचा विरोध वजा. लोक ११ किलो वाचून नारळ पकडायला निघतात.

---

नवशिक्या७

थरथर घालवायला मी शेवटच्या दहा फ्रेमची सरासरी घेतो. थरथर जाते, पण पंजा मागे पडल्यासारखा वाटतो. फ्रेम कमी केल्या की थरथर परत. मधला मार्ग आहे का?

---

कोनमापक

@नवशिक्या७, दहा फ्रेमच्या सरासरीचा उशीर साडेचार फ्रेमचा. सेकंदाला ३० फ्रेमच्या गतीला १५० मिलिसेकंद. मागे पडणारच.

'वन युरो फिल्टर' वापरा, काझिए, रूसेल आणि व्होगेल यांनी २०१२ मध्ये मांडलेला. हात स्थिर असताना जास्त गाळतो, वेगात असताना कमी. कोड जेमतेम पानभर. जुळवायची रीत: आधी बीटा (वेग वाढला की गाळणं किती सैल करायचं तो आकडा) शून्य ठेवा, किमान कटऑफ (ज्याच्या वरची थरथर गाळली जाते ती वारंवारता) १ हर्ट्झ ठेवा. हात स्थिर धरून थरथर जाईपर्यंत कटऑफ कमी करा. मग हात भरभर हलवा आणि पंजा मागे पडायचा थांबेपर्यंत बीटा वाढवत न्या. हा क्रम उलटा केला तर दोन्ही आकडे एकमेकांच्या पाठी धावत बसतात. फिल्टर ६३ सहनिर्देशकांना लावण्यापेक्षा शेवटच्या सहा आकड्यांना आणि ड ला लावा.

त्यावर एक छोटी मृत पट्टी: नवा पल्स जुन्यापेक्षा ८-१० मायक्रोसेकंदांनी वेगळा नसेल तर पाठवूच नका.

---

विद्युतवेडा

उशीर फक्त फिल्टरचा नसतो. साखळी मोजा. कॅमेऱ्याची एक फ्रेम ३३ मिलिसेकंद. खोलीत उजेड कमी असेल तर ऑटो एक्स्पोजर गुपचूप गती १५ वर आणतं, मग ६७. एक्स्पोजर हाताने ठरवा आणि दिवा लावा. ओपनसीव्ही या कॅमेऱ्याची चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीच्या बफरमध्ये जुन्या फ्रेम साचतात, म्हणून कॅमेरा वेगळ्या थ्रेडमध्ये वाचा आणि फक्त शेवटची फ्रेम वापरा. सिरियलवर ९६०० च्या गतीने ३० अक्षरांची ओळ म्हणजे ३१ मिलिसेकंद. तेच बायनरीत, दोन सुरुवातीचे बाइट, सहा दोन-बाइटी आकडे आणि एक चेकसम, असे १५ बाइट ११५२०० ने पाठवले तर १.३.

आणि एवढं वाचवून झाल्यावर एमजी९९६आर ६० अंशांना ०.१४ सेकंद घेतो. १२० अंशांना २८० मिलिसेकंद. सगळा दोष बिचाऱ्या मॉडेलला देतात, वेळ खातो सर्व्हो.

---

इतिहासपुरुष

थोडं विषयांतर. दुरून हात चालवण्याची गरज आधी भासली ती किरणोत्सर्गी पदार्थ हाताळताना. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत रे गोर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी जाड भिंतीपलीकडे काम करणारे यांत्रिक हात बनवले. अलीकडे माणसाचा हात, पलीकडे चिमटा, मध्ये पोलादी दोऱ्या आणि पट्ट्या. सगळं यांत्रिकपणे जोडलेलं असल्यामुळे पलीकडे वस्तू लागली की अलीकडे हाताला कळायचं. नंतर १९५० च्या दशकात विजेवर चालणारे आले तेव्हा ही जाणीव मोटरींनी मुद्दाम परत आणावी लागली. कॅमेऱ्याच्या पद्धतीत नेमकी तीच हरवते.

घरोघरी पोचलेला हातमोजा म्हणजे १९८९ चा, निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेमसाठीचा पॉवर ग्लोव्ह. अंगठा आणि तीन बोटं मोजायचा, बोटामागे चारच पायऱ्या.

---

पाचवं_बोट

म्हणजे करंगळीचा अपमान १९८९ पासून चालू आहे. निषेध.

---

सांधेजोड

इतिहासपुरुषांनी हरवलेल्या जाणिवेचा मुद्दा काढला ते बरं केलं. कॅमेऱ्याने चालवणारा माणूस हवेत चिमूट मिटतो. त्याला विरोध लागत नाही, म्हणून तो जास्तच मिटतो. मग वस्तू चिरडते किंवा सर्व्हो अडकून तापतो.

स्वस्तातला उपाय: प्रत्येक सर्व्होच्या वाटेत आयएनए२१९ हा प्रवाह मोजणारा चिप. त्याच्या बोर्डावर बहुधा ०.१ ओहमचा शंट असतो, ३.२ अँपिअरपर्यंत मोजतो, आणि पत्ते १६ मिळतात, त्यामुळे मल्टिप्लेक्सर नको. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की त्या बोटाला आणखी मिटायची आज्ञा द्यायची नाही, उलट दोन-तीन अंश मागे घ्यायचं. हालचाल सुरू होतानाही प्रवाह उसळतो, म्हणून पहिले १००-२०० मिलिसेकंद दुर्लक्षित करा, नाहीतर प्रत्येक वेळी 'वस्तू लागली' असा खोटा इशारा येईल.

डायनामिक्सेल एक्सएल३३० जातीचे सर्व्हो असतील तर त्यांच्यात प्रवाह-मर्यादित पोझिशन मोड आहे, मोड ५. लक्ष्य वस्तूच्या आत ठेवायचं आणि प्रवाहाची मर्यादा म्हणजेच पकडीचा जोर.

बोटाच्या टोकाला दाबाचा सेन्सर लावणार असाल तर त्यावर सिलिकॉनची मऊ गादी द्या आणि त्याच्याकडून फक्त 'लागलं की नाही' एवढंच विचारा. ग्रॅम विचारू नका, आकडा सरकतो.

---

गणिती_काकू

'सहा मोटरींत काय होणार' असं वाटणाऱ्यांसाठी: सान्तेल्लो, फ्लँडर्स आणि सोएक्टिंग यांच्या १९९८ च्या अभ्यासात लोकांना वेगवेगळ्या वस्तू पकडल्याची कल्पना करायला लावून १५ सांध्यांचे कोन मोजले. त्यातला ८० टक्क्यांहून अधिक फरक दोनच मुख्य घटकांत बसला. माणूससुद्धा बोटं सुटी सुटी फार वापरत नाही. करंगळी वाकवून पाहा, अनामिका सोबत येते. उरलेल्या टक्क्यांत मात्र बारीक कसब असतं, तेव्हा सुईत दोरा ओवायची अपेक्षा नको.

---

हातमोजेवाला

तिसरी अडचण राहूनच गेली, हात कडेने आल्यावर काय? इथे तरी कॅमेरावाल्यांनी हार मानावी.

---

कोनमापक

हार नाही, तह. कॅमेरा समोर न ठेवता अंगठ्याच्या बाजूने, वरून ४५ अंशांत ठेवा. चिमटीत अंगठा आणि तर्जनी दोन्ही दिसतात. तळहाताची लंबरेषा आपण काढतोच, तिचा कॅमेऱ्याच्या अक्षाशी कोन ६५-७० अंशांपलीकडे गेला की नवे आकडे घेणं थांबवा आणि शेवटची स्थिती धरून ठेवा. परत समोर आल्यावर अर्ध्या सेकंदात हळूहळू नव्या स्थितीवर जा.

दोन कॅमेरे असतील तर कॅलिब्रेशनच्या भानगडीत न पडता ज्याला तळहात जास्त समोरून दिसतो त्याचं ऐका. वर्ल्ड लँडमार्कमधली खोली मॉडेलने अंदाजाने सांगितलेली असते, मोजलेली नसते, हेही ध्यानात ठेवा.

आणि पायाखाली एक पेडल ठेवा. दाबलं की पंजा आहे तिथे थांबेल. त्याशिवाय नाक खाजवायचीही सोय नाही.

---

विद्युतवेडा

कॉम्प्युटरच अडकला तर? मायक्रोकंट्रोलरवर वॉचडॉग हवा: २०० मिलिसेकंद पॅकेट आलं नाही तर पंजा पूर्ण उघडायचा.

---

सांधेजोड

उघडायचा? आणि हातात काचेची बरणी असेल तर? मी धरून ठेवायच्या बाजूचा.

---

विद्युतवेडा

आणि हातात दुसऱ्याचं बोट असेल तर?

---

सांधेजोड

त्यासाठी वीज तोडणारं लाल बटण वेगळं, ते माणसाच्या हाताशी. वीज गेली की रबर बोट उघडायला बघतं, पण गिअरचं घर्षण अडवतं, त्यामुळे रबर पुरेसं कडक आहे ना ते वीज तोडून तपासायचं. वॉचडॉगने धरून ठेवावं आणि प्रवाहाची मर्यादा निम्म्यावर आणावी, असा सुवर्णमध्य चालेल?

---

विद्युतवेडा

चालेल. बरणी तुमची.

---

चिमटा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. ठरावीक पल्सवर सर्व्हो शांत आहेत, म्हणजे थरथर आकड्यांची. वन युरो लावल्यावर गेली. कॅमेरा खरंच १५ वर चालत होता. टोकाच्या सांध्याला कडक रबर आणि काकूंचा तक्ता यांनी तर्जनी-अंगठा टेकतात. हातमोजा तूर्त नको.

दोन नव्या गोष्टी. मूठ मिटताना पंजा मध्येच चिमटीत शिरतो. आणि किल्ली धरतो तशी पकड, अंगठा तर्जनीच्या कडेवर, ओळखलीच जात नाही.

---

गणिती_काकू

पहिलं अपेक्षित आहे. मुठीतही अंगठा आणि तर्जनीची टोकं जवळ येतात, ड लहान होतो. फरक असा की मुठीत तर्जनीचं टोक तळहातात शिरतं. ० ते ८ हे अंतर ० ते ९ ने भागा. १ च्या खाली गेलं की मूठ समजा आणि तक्त्याचं वजन शून्यावर आणा. ० पासून ९ पर्यंतच्या लांबीपेक्षा टोक पुढे असेल तरच चिमूट.

किल्लीच्या पकडीत टोकं एकमेकांना भेटतच नाहीत, म्हणून ड वर ती दिसणार नाही. अंगठ्याचं टोक (४) आणि तर्जनीची पेरं, म्हणजे ५-६ आणि ६-७ हे रेषाखंड, यांतलं सर्वांत कमी अंतर काढा. ते लहान, ड मोठा आणि तर्जनी अर्धी वाकलेली, असं तिन्ही जुळलं तर किल्ली. तिच्यासाठी वेगळा तक्ता भरा. त्यात अंगठ्याची फिरकी चिमटीपेक्षा बरीच कमी लागेल, आणि तर्जनीमागची तिन्ही बोटं मिटलेली ठेवा, म्हणजे ती तर्जनीला मागून आधार देतात.

---

कोनमापक

डाव्या हाताने चालवून पाहणार असाल तर एक सांगतो: ०→५ आणि ०→१७ चा क्रॉस प्रॉडक्ट डाव्या हाताला उलट्या दिशेने येतो, वाकण्याचं चिन्ह फिरतं. मीडियापाइप चित्र आरशासारखं उलटवलेलं आहे असं धरून डावा-उजवा सांगतं. न उलटवता दिलंत तर नाव उलटं येईल. आधी चित्र उलटवायचं की नाही ते ठरवा, मग चिन्ह.